सीमेवरच्या गावांचे नकाशे एकमेकांवर बसत नाहीत: किती सरकलंय त्यावरून दोष ओळखा

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात जमिनीच्या नकाशांवर काम करणाऱ्यांकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. गावाच्या सर्वे नंबरांची लेअर, म्हणजे संगणकातल्या नकाशाचा थर, उपग्रहचित्रावर टाकली की बांध बांधावर पडत नाही, शेजारच्या उसात जाऊन पडतो. कधी रेघा नीट बसतात, पण क्षेत्र उताऱ्याशी जुळत नाही. कधी दोन्ही जुळतं आणि तरीही 'या गावाला लागून कोणती गावं आहेत' असं विचारलं की संगणक सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातलं एकही गाव दाखवत नाही, आणि बाचीच्या पुढे शिनोळी आहे हे तर वेंगुर्ला रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

अशा वेळी बहुतेकजण एडिट मोड चालू करतात, अख्खी लेअर माऊसने धरतात आणि डोळ्यांना बरी दिसेल तिथे ओढून ठेवतात. कृपा करून हे करू नका. लेअर किती सरकली आहे आणि कोणत्या दिशेला, हाच दोषाचा सगळ्यात मोठा पुरावा असतो आणि ओढल्याक्षणी तो पुसला जातो. शिवाय एका गावापुरती ओढलेली लेअर पुढे कोणीतरी तालुक्याच्या नकाशात जोडतो, आणि मग चूक कुठे शिरली ते कोणालाच सापडत नाही. रस्ता रुंदीकरणात किंवा कालव्यात जमीन जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने दोन गुंठ्यांचा फरक फार मोठा असतो. म्हणून आधी मोजा, मग हात लावा.

आकडेच सांगतात ते कोण आहेत

लेअरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन तिची व्याप्ती, म्हणजे एक्स्टेंट, पाहा. बेळगाव शहराच्या आसपासचं काम असेल तर तिथे चार प्रकारचे आकडे दिसू शकतात.

७४.५ आणि १५.९ असे छोटे आकडे असतील तर ते अंश आहेत, रेखांश आणि अक्षांश. पूर्वेचा आकडा साडेचार लाखांच्या जवळ आणि उत्तरेचा साडेसतरा लाखांच्या जवळ असेल तर ते यूटीएम झोन ४३ उत्तरचे मीटर (यूटीएम म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे, झोन, पाडून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत). सुमारे ८३ लाख आणि १८ लाख अशी जोडी असेल तर तो वेब मर्केटर, म्हणजे ऑनलाइन नकाशे पडद्यावर दाखवण्यासाठी वापरतात ते प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची रीत). आणि पूर्वेचा आकडा उणे दोन लाखांच्या आसपास आला तर कोणीतरी आपला भाग झोन ४४ मध्ये नेऊन ठेवला आहे.

झोन ४३ हा ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांचा पट्टा आहे आणि त्याचा मधला रेखांश ७५. त्या मधल्या रेषेला पाच लाख मीटर हा आकडा दिलेला असतो, म्हणून बेळगावात पूर्वेचा आकडा पाच लाखांहून कमी येतो आणि सौंदत्ती, अथणीकडे गेलात की पाच लाखांच्या पुढे सरकतो. बेळगाव जिल्हा सगळा या झोनमध्ये आहे, तसंच कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि गोवाही. सीमेच्या अलीकडे-पलीकडे काम करणाऱ्याला दुसऱ्या झोनची गरजच पडत नाही. झोन ४४ येतो तो विदर्भातून. नागपूर त्या झोनमध्ये असल्याने राज्यभराची एकच फाइल करताना कोणी तो निवडला असेल, तर आपल्यापर्यंत तीच फाइल येते. तिच्यावरचं लेबल बरोबर असेल तर लेअर जागेवर बसते, पण बेळगाव त्या झोनच्या मध्यरेषेपासून साडेसहा अंश दूर पडल्यामुळे क्षेत्र सुमारे एक टक्क्याहून थोडं जास्त येतं. एकराला जवळजवळ अर्धा गुंठा.

आकडे पाहिल्यावर लेबल पाहा. फाइलमधले आकडे ही एक गोष्ट आणि 'हे आकडे अमुक पद्धतीचे आहेत' असं सांगणारं लेबल, म्हणजे सीआरएस, ही वेगळी गोष्ट. शेपफाइलमध्ये हे लेबल पीआरजे या छोट्या जोडफाइलमध्ये असतं. व्हॉट्सॲपवरून नुसती एसएचपी फाइल पाठवली की लेबल मागेच राहतं, आणि उघडणाऱ्याला अंदाजाने काहीतरी निवडावं लागतं. या भागातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच आहे असं माझं मत आहे.

मोठ्या उड्या

लेअर कुठे जाऊन पडली त्यावरून मोठे दोष लगेच ओळखता येतात.

गाव आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, शून्य अक्षांश आणि शून्य रेखांशापाशी दिसलं, तर अंशांच्या आकड्यांवर वेब मर्केटरच्या मीटरचं लेबल लागलं आहे. साडेचौऱ्याहत्तर अंशांचे साडेचौऱ्याहत्तर मीटर झाले.

गाव नॉर्वे आणि स्वालबार्ड यांच्यामधल्या थंड समुद्रात पोचलं, तर अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली आहे. ही अदलाबदल फार सोपी आहे, कारण मोबाइलवरच्या नकाशात बिंदू धरला की आधी अक्षांश आणि मग रेखांश मिळतो, तर केएमएल आणि जिओजेसन या फाइलींमध्ये क्रम उलटा असतो, आधी रेखांश. पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये बिंदू करतानाही रेखांशच आधी द्यावा लागतो. शेतात उभं राहून मोबाइलवर घेतलेले आकडे वहीत लिहिताना प्रत्येक रकान्याला 'अक्षांश', 'रेखांश' असं नाव लिहा, नुसते दोन आकडे लिहू नका. आपल्या भागात एक मोठी सोय आहे. एक आकडा नेहमी पंधरा-सोळाच्या घरात आणि दुसरा चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरच्या, त्यामुळे नजर टाकली तरी उलटापालट कळते.

गाव आंध्रच्या किनाऱ्यावर बापटलाजवळ उतरलं, तर झोन ४३ च्या आकड्यांवर झोन ४४ चं लेबल आहे. अक्षांश तोच राहतो आणि रेखांश बरोबर सहा अंशांनी पूर्वेला जातो, म्हणून बेळगावचं शेत थेट बापटलात.

या तिन्ही दोषांवर उपाय म्हणजे लेबल दुरुस्त करणं, कारण आकडे मुळात बरोबरच आहेत. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी 'सेट लेअर सीआरएस' वापरा. फक्त अदलाबदलीच्या बाबतीत 'स्वॅप एक्स अँड वाय कोऑर्डिनेट्स' हे वेगळं साधन चालवावं लागतं.

इथे जरा थांबून सांगतो, कारण सगळा गोंधळ याच जागी होतो. 'सेट लेअर सीआरएस' फक्त लेबल बदलतं, आकड्यांना हात लावत नाही. 'रीप्रोजेक्ट लेअर' आकडे नव्याने काढतं आणि नवीन फाइल देतं. लेबल चुकलं असेल तर पहिलं वापरा. लेबल बरोबर आहे, पण तुम्हाला दुसऱ्या प्रक्षेपणात काम करायचं आहे, तर दुसरं. चुकीचं लेबल तसंच ठेवून रीप्रोजेक्ट केलं की चूक नव्या फाइलीच्या आकड्यांत कायमची उतरते. बरोबर लेबल असलेल्या फाइलीवर नुसतं लेबल बदललं की चांगली फाइल बिघडते. यातलं काय करायचं हे ठरत नसेल तर मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा आणि मगच हात घाला.

दीडशे मीटर, आग्नेयेकडे

आता खरा त्रास देणारा दोष. लेअर जवळपास जागेवर असते, आकार तंतोतंत असतो, पण सगळं गाव एकाच दिशेला एकाच अंतराने सरकलेलं. विहीर, देऊळ, ओढ्याचं वळण, सगळं सारखंच.

हा डेटमचा दोष आहे. डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजताना पृथ्वीचा आकार आणि केंद्र काय धरलं ते. भारताचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या १८३० च्या लंबवर्तुळावर आणि मध्य भारतातल्या कल्याणपूर या मूळ बिंदूवर बांधलेले आहेत. आपला मोबाइल आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर चालतात. एव्हरेस्टच्या पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या डब्ल्यूजीएसच्या त्रिज्येपेक्षा साधारण साडेआठशे मीटरने लहान आहे आणि तिचं केंद्रही थोडं वेगळ्या जागी आहे. म्हणून जमिनीवरच्या एकाच दगडाचे दोन पद्धतींत वेगवेगळे अक्षांश-रेखांश येतात, आणि दोन्ही आपापल्या जागी खरे असतात.

बेळगावच्या जागेसाठी हिशोब केला तर असं येतं: जुन्या नकाशावरचे अंश जसेच्या तसे डब्ल्यूजीएस समजून टाकले, तर बिंदू सुमारे १३० मीटर दक्षिणेला आणि ९० मीटर पूर्वेला पडतो. म्हणजे एकूण साधारण दीडशे मीटर, आग्नेयेकडे. हेच आकडे जुन्या डेटमवरच्या यूटीएमच्या मीटरमध्ये असतील तर फरक वाढतो. विषुववृत्तापासूनचं साडेसतराशे किलोमीटरचं अंतर लहान पृथ्वीवर मोजल्यामुळे त्यात आणखी सुमारे १४० मीटरची तूट येते. तेव्हा सरकणं पावणेतीनशे मीटरच्या पुढे जातं, आणि त्यातलं बहुतेक दक्षिणेकडे असतं. दीडशे आग्नेयेला की पावणेतीनशे जवळजवळ दक्षिणेला, एवढं मोजलंत तरी मूळ फाइल अंशांत होती की मीटरमध्ये हे सांगता येतं. फाइल तुमच्या हातात येईपर्यंत तीन-चार जणांनी तिची रूपं बदललेली असतात, त्यामुळे ही माहिती फार कामाची.

मोजायचं कसं? जुन्या नकाशात आणि उपग्रहचित्रात दोन्हीकडे ठामपणे ओळखू येतील अशा जागा घ्या. दगडी बांधणीची विहीर, पुलाची कड, दोन पक्क्या रस्त्यांचा छेद. ओढा घेऊ नका, तो हलतो. दूधगंगा, वेदगंगा, कृष्णेच्या काठच्या गावांत तर नदीची कड अजिबात घेऊ नका. जागा गावाच्या चारही कोपऱ्यांत पसरलेल्या हव्यात. प्रत्येक जागी किती मीटर आणि कुठल्या दिशेला फरक आहे ते लिहा. सगळीकडे आकडा जवळपास सारखा आला तर डेटम. कोपऱ्याकोपऱ्यात वेगळा आला तर दोष दुसरा आहे, त्याकडे पुढे येतो.

डेटमचा दोष ठरला की लेअरला खरं लेबल लावा. अंशांत असेल तर कल्याणपूर १९७५, ईपीएसजी ४१४६ (ईपीएसजी म्हणजे प्रत्येक सीआरएसला दिलेला ठरावीक क्रमांक). यूटीएममध्ये असेल तर कल्याणपूर १९७५ यूटीएम झोन ४३ उत्तर, ईपीएसजी २४३४३. त्यानंतर ईपीएसजी ३२६४३ मध्ये, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ यूटीएम झोन ४३ उत्तरमध्ये, रीप्रोजेक्ट करा. क्यूजीआयएस इथे कोणतं रूपांतर वापरायचं ते विचारू शकतं. यादीत 'बॉलपार्क' असा पर्याय दिसला तर तो घेऊ नका. त्यात डेटमचा फरक धरलेलाच नसतो, त्यामुळे सगळं करूनही लेअर दीडशे मीटरवरच राहते आणि माणूस वैतागून पुन्हा माऊस हातात घेतो. भारतासाठी प्रसिद्ध असलेलं तीन आकड्यांचं रूपांतर, २९५, ७३६ आणि २५७ मीटरचं, निवडा. त्याची अचूकता वीसेक मीटरच्या आसपासची आहे. म्हणजे दीडशे मीटरचा दोष जातो आणि थोडी उरलेली सरक ओळखीच्या जागांवरून स्थानिक दुरुस्ती करून काढावी लागते. तेव्हा सरकवणं योग्य आहे, कारण आता तुम्हाला माहीत असतं की काय आणि का सरकवतो आहोत. किती सरकवलं ते फाइलसोबत लिहून ठेवा.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या एक इंच ते एक मैल किंवा १:५०,००० च्या टोपोशीट वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. त्या बहुशंकू प्रक्षेपणात आहेत. बेळगाव शहर नेमकं ७४ अंश ३० मिनिटांच्या रेषेपाशी असल्यामुळे किल्ल्याची बाजू ४८ आय/९ या शीटवर जाते आणि हिंडलग्याची बाजू ४८ आय/५ वर. निपाणी तर १६ अंशांच्या उत्तरेला, म्हणून ती थेट ४७ एल मध्ये. दोन शीट स्कॅन करून कडेला कड लावून चिकटवू नका. प्रत्येक शीट तिच्या चार कोपऱ्यांवर छापलेल्या अक्षांश-रेखांशांनी वेगळी बसवा, डेटम एव्हरेस्टचा द्या, आणि मग एकत्र आणा. २००५ च्या नकाशा धोरणानंतर लोकांसाठी आलेली ओपन सीरिज मात्र डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएमवर आहे. तिला एव्हरेस्टचं लेबल लावलं तर हाच दोष उलट्या दिशेने येतो, गाव वायव्येला जातं.

पाच-दहा मीटरचा आणि दिशा बदलणारा फरक

हा फरक गावनकाशाच्या कागदातून येतो. मुंबई इलाख्यातल्या सर्वेक्षणाची परंपरा बेळगाव जिल्ह्याला आणि चंदगडला सारखीच आहे, १९५६ पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होता. साखळीने मोजलेलं, टिपणात उतरवलेलं आणि आठ इंच ते एक मैल या प्रमाणात काढलेलं काम. हे प्रमाण १:७,९२० होतं. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर जवळजवळ आठ मीटर, आणि अर्ध्या मिलिमीटर जाडीची शाईची रेघ चार मीटर. वर कागद पावसाळ्याने फुगलेला, घडीवर फाटलेला, एका बाजूला ताणलेला.

अशा नकाशातून एक मीटरची अचूकता मिळवायचा हट्ट धरू नये. दहा-बारा ओळखीच्या जागांनी जिओरेफरन्स करा, म्हणजे स्कॅन केलेला नकाशा त्या जागांच्या खऱ्या आकड्यांवर बसवा, पहिल्यांदा साधं पहिल्या घाताचं रूपांतर वापरा आणि प्रत्येक बिंदूची चूक पाहा. एखाद्याच बिंदूची चूक मोठी असेल तर तो बिंदू चुकीचा धरलाय. एका घडीच्या एका बाजूला सगळ्याच चुका एका दिशेला असतील तर कागद ताणला आहे, तेव्हा नकाशा घडीवर तोडून दोन भाग वेगळे बसवा. थिन प्लेट स्प्लाइन हे रूपांतर सगळ्या चुका शून्य दाखवतं, म्हणून ते मोहात पाडतं. पण ते चुकीच्या बिंदूलाही नेऊन बसवतं आणि आसपासचे बांध वाकवतं. मी ते शेवटचा उपाय म्हणून ठेवतो.

उपग्रहचित्रही काही मीटर इकडेतिकडे असू शकतं हे विसरू नका. वाद असलेल्या जागी शिवेच्या दगडावर चांगल्या प्रतीच्या जीपीएसने घेतलेला बिंदू चित्रापेक्षा जास्त भरवशाचा.

बसतं छान, पण गुंठे जुळत नाहीत

आधी उतारा नीट वाचा. उताऱ्यावर एकूण क्षेत्र, खराब आणि लागवडीचं क्षेत्र असे वेगळे आकडे असतात. नकाशातला बहुभुज एकूण क्षेत्राशी ताडायचा, लागवडीच्या नाही. हे साधं आहे, पण वाद इथेही होतात. हिस्से पडले असतील तर नकाशात ते पडलेत का तेही पाहा.

त्यानंतरही फरक राहिला तर किती टक्के ते काढा. सर्वे नंबर लहान असो वा मोठा, प्रत्येकाचं क्षेत्र साडेआठ टक्क्यांच्या आसपास जास्त येत असेल तर क्षेत्र वेब मर्केटरमध्ये मोजलं गेलंय. हे प्रक्षेपण विषुववृत्तापासून दूर जावं तसं सगळं मोठं करतं. आपल्या अक्षांशावर लांबी साधारण चार टक्क्यांनी आणि क्षेत्र साडेआठ टक्क्यांच्या थोडं पुढे फुगतं. एक एकर म्हणजे चाळीस गुंठ्यांचे साडेत्रेचाळीस होतात. मोबाइलमधल्या काही क्षेत्रमापक ॲपमध्येही अशी वाढ दिसू शकते, म्हणून खरेदीच्या बोलणीत ॲपचा आकडा धरण्याआधी एखाद्या मोजणी झालेल्या तुकड्यावर ते ॲप तपासून घ्या.

ईपीएसजी ३२६४३ मध्ये नेऊन मोजा. यूटीएमही अगदी निर्दोष नसतं. बेळगावपाशी त्याचा प्रमाणांक ०.९९९६ च्या किंचित वर आहे, त्यामुळे किलोमीटरमागे साधारण ३६ सेंटिमीटर कमी येतात. एकरी क्षेत्रात याचा परिणाम अर्ध्या आण्याच्या (गुंठ्याचे सोळा आणे) घरात, शेतीच्या कामात सोडून देण्यासारखा. पण टोटल स्टेशन या मोजणीयंत्राने लांब रेषा मोजणाऱ्यांनी तो धरावा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्यामुळे उंचीचाही थोडा भाग त्यात मिळतो आणि जमिनीवरच्या व यूटीएममधल्या अंतरात किलोमीटरमागे अर्ध्या मीटरच्या जवळ फरक पडतो. टेप खोटा आणि जीपीएस खरा, किंवा उलट, असं भांडण लागलं की आधी हा हिशोब करून पाहा.

क्यूजीआयएसमध्ये क्षेत्र काढायचे दोन मार्ग आहेत. '$' चिन्हाने सुरू होणारं एरिया हे फंक्शन प्रोजेक्टमध्ये ठरवलेल्या लंबवर्तुळावर मोजतं, तर कंसात जॉमेट्री देऊन लिहिलेलं एरिया हे फंक्शन लेअरच्या सपाट आकड्यांवर मोजतं. लेअर वेब मर्केटरमध्ये असताना दोन्ही चालवून पाहा, साडेआठ टक्क्यांचा फरक समोर दिसेल. गुंठ्यात आणायला चौरस मीटरला १०१.१७ ने भागा. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट.

शेजारी असून शेजारी नाही

आता बाची-शिनोळीचा प्रश्न. दोन्ही लेअर एकाच प्रक्षेपणात आहेत, जागेवर आहेत, क्षेत्र जुळतं, आणि तरी 'टचेस' म्हटलं की उत्तर रिकामं येतं.

संगणकाला दोन आकृत्यांचं नातं नऊ प्रश्नांनी कळतं. प्रत्येक आकृतीचे तीन भाग: आतला भाग, कड आणि बाहेरचा. एकीचे तीन आणि दुसरीचे तीन, कोणता कोणाला भेटतो अशी नऊ खानी चौकट. मॅक्स एगेनहोफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास ही मांडणी केली, आणि आजची बहुतेक साधनं तिच्यावरच चालतात. 'टचेस'चा अर्थ: कडा भेटतात, पण आतले भाग भेटत नाहीत. एका गावाची रेघ दुसऱ्यात केसभर शिरली तर आतले भाग भेटले, म्हणून उत्तर 'नाही'. केसभर फट राहिली तर काहीच भेटलं नाही, म्हणून पुन्हा 'नाही'. दोन राज्यांत दोन वेगळ्या हातांनी, दोन वेगळ्या कागदांवरून ही रेघ काढली गेली आहे. ती मिलिमीटरच्या लाखाव्या भागापर्यंत एक येईल अशी अपेक्षाच करता येत नाही. कर्नाटकातल्या गावांमध्ये आपापसात उत्तर येतं कारण ती एकत्र डिजिटाइज झालेली असतात. म्हणून सीमा ओलांडली की नाती तुटतात आणि नकाशा असा दिसतो की जणू शिनोळीच्या लोकांचा बाचीशी संबंधच नाही.

बांधावरच्या विहिरीचंही असंच. बिंदू बरोबर कडेवर असेल तर 'विदिन' दोन्ही शेतांसाठी 'नाही' म्हणतं, कारण कड ही आतल्या भागात धरत नाहीत. सामाईक विहिरी मोजताना त्या गळून पडतात. तिथे 'कव्हर्ड बाय' किंवा 'इंटरसेक्ट्स' वापरा.

सीमेसाठी माझी पद्धत अशी. आधी दोन्ही लेअरवर 'फिक्स जॉमेट्रीज' चालवा, स्वतःलाच छेदणारे बहुभुज असतील तर पुढचं सगळं फसतं. मग 'टचेस' सोडून अंतराने विचारा: दोन गावांमध्ये दहा मीटरच्या आतलं अंतर आहे का, आणि एकाच्या दहा मीटरच्या पट्ट्यात दुसऱ्याच्या कडेची किती लांबी येते. लांबीची अट महत्त्वाची, नाहीतर कोपऱ्याला जेमतेम टेकणारं गावही पूर्ण शेजारी ठरतं. दहा मीटर का? १:७,९२० च्या कागदावरच्या एक मिलिमीटरला आठ मीटर होतात, त्याहून किंचित जास्त. सहनशीलता नकाशाच्या प्रमाणावरून ठरवावी, अंदाजाने नाही.

हे अंतर मीटरच्या प्रक्षेपणातच विचारा. पोस्टजीआयएसमध्ये अंशांच्या जॉमेट्रीवर 'डीविदिन'ला १० दिलं तर ते दहा अंश समजतं, आणि बाचीच्या शेजारात थेट हैदराबाद, मुंबई, चेन्नई येतात. अंशांतच राहायचं असेल तर जॉग्रफी प्रकार वापरा.

फट आणि घुसखोरी कायमची काढायची असेल तर एका बाजूची रेघ आधार ठरवा आणि दुसरीची तिला स्नॅप करा, म्हणजे ओढून चिकटवा, पण फक्त गावाच्या बाहेरच्या कडेची. दहा मीटरचं स्नॅप आतल्या हिश्श्यांवर चालवू नका. दोन गुंठ्यांचा तुकडा म्हणजे सुमारे चौदा मीटर गुणिले चौदा मीटर, तो अशा स्नॅपमध्ये चिरडून जातो आणि एखाद्या घराची सगळी जमीन नकाशातून नाहीशी होते. कोणती बाजू आधार धरली ते लेअरच्या माहितीत स्पष्ट लिहा. ही जुळवणी विश्लेषणासाठी आहे, शीव कुठे आहे याचा पुरावा म्हणून ती कोणी कुठे दाखल करू नये. शीव ठरते ती मोजणीने आणि दगडाने. मूळ दोन्ही लेअर म्हणूनच न बदलता जपून ठेवा आणि जुळवलेली तिसरी वेगळ्या नावाने, नावातच ३२६४३ आणि डेटम घालून. पाठवताना पीआरजेसह सगळ्या जोडफाइली एकत्र झिप करा, किंवा जिओपॅकेज करा, त्यात लेबल आतच राहतं.